टॉवरला हरकत, कलम सात

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. (चौसष्टाव्या वर्षीही तू मला चिरंजीवच, त्याला इलाज नाही.)

पत्र घाईत लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस. आमच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा करायचा घाट घातलाय. नोटीस कुठे चिकटवली असेल सांग? जिन्याखाली, मीटरच्या पेटीच्या दाराला आतल्या बाजूने! म्हणजे फ्यूज उडाल्याशिवाय ती कोणाला दिसू नये. परवा आमचा फ्यूज उडाला म्हणून मला दिसली. 'राहत्या वस्तीत टॉवर उभारणीस परवानगी देण्याचे विचाराधीन असून हरकती व सूचना पंचेचाळीस दिवसांत लेखी कळवाव्यात.' त्यातले नऊ दिवस पेटीतच गेले.

सेक्रेटरी खुशीत आहे. कंपनी म्हणे गच्चीची गळती फुकट काढून देणार. पण गच्चीचा दरवाजा कंपनीच्या कुलपात जाणार आणि कपडे वाळवायच्या तारा काढणार, हे तो पुटपुटत सांगतो.

तू एकतीस वर्षं परवानगी खात्यात मसुदे लिहिलेस. लोकांच्या भिंती, दुकानं, गच्च्या, सगळ्यांसाठी लिहिलंस. आता सख्ख्या बहिणीसाठी एक हरकतीचा अर्ज लिही. असा लिही की वाचणाऱ्याला घाम फुटला पाहिजे. रेडिएशनचं काहीतरी घाल, माणसं घाबरतात.

फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन म्हणजे नुसतं घड्याळ. रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यात, आणि तिथे बोलायला उभं राहिलं की समोरच्या चार बाल्कन्या कान देऊन ऐकतात. म्हणून गुपित आहे ते लिहूनच कळवते. तुझ्या भाऊजींना यातलं अक्षर सांगू नकोस. ते टॉवरच्या बाजूने आहेत असा मला वास येतोय.

तुझी,
ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

इथे मी बरा आहे. तुझं पत्र वाचून टाइपरायटरवरचं फडकं काढलं. तेल घालावं लागलं, पण चालतोय.

रेडिएशनचा नाद सोड. त्यावर कंपनीकडे तपासणीचा जाडजूड अहवाल असतो. तू एक ओळ लिहिशील, ते दोनशे पानं पुढे करतील आणि तू तोंडघशी पडशील. आपण त्यांच्या पानावर खेळायचंच नाही. आपलं पान जिना. जिन्याची रुंदी मोजून पाठव, टाकीला तडे असतील तर तेही, आणि इमारत किती वर्षांची ते.

पण हे झालं खात्यासाठी. मला खरं कारण सांग. तू काही जिन्याच्या रुंदीसाठी माझ्यापर्यंत आलेली नाहीस. मला ते कळल्याशिवाय बोटं चालत नाहीत, जुनी खोड आहे. एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या भिंतीविरुद्ध अकरा अर्ज केले होते. नियम, नकाशे, सगळं चोख. बाराव्या खेपेला मी त्यांना समोर बसवून चहा पाजला, तेव्हा पत्ता लागला: पलीकडचा शेजारी त्यांचा जुना दोस्त, आणि भिंत झाल्यापासून दोघांचं सकाळचं बोलणं बंद पडलं होतं. भिंतीत एक खिडकी सुचवली, फाईल बंद. तर तुझी खिडकी कुठली ते सांग. मी कोणाला सांगणार नाही.

धाकटा


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

जिना तीन फूट दोन इंच. टाकीला तडे तीन, त्यातल्या एकात माझं बोट जातं. इमारत बेचाळीस वर्षांची, म्हणजे आमच्या लग्नाएवढी, आणि तडे तिलाही आहेत.

आता खरं कारण. हे वाचून फाडून टाक. हसलास तर बघ.

पोरगी परदेशी गेल्यापासून रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन येतो. तुझे भाऊजी दुकान अर्धा तास बंद करून गच्चीवर येतात. मी कपडे काढायला वर जाते. दहा मिनिटं पोरीशी बोलणं होतं, मग ती कामाला लागते, फोन बंद. पण रेंज पुन्हा येईल, पोरीला काही आठवेल, म्हणून हे तिथेच बसतात. मी चादरी घड्या करत बसते. दोन खुर्च्या आहेत, एकीचा हात मोडलाय, ती त्यांची. तेवढ्या वेळात ते माझ्याशी बोलतात. दुकानात आज काय आलं, कोणाच्या आजोबांचं घड्याळ, कोणी पाण्यात पाडलेलं. घरात आले की डोळ्याला भिंग आणि तोंडाला कुलूप. दिवसातली ती वीस मिनिटं माझी.

घरात रेंज आली तर हे वर कशाला येतील? खुर्चीत बसून पोरीशी बोलतील, आणि फोन ठेवला की भिंग.

आणि हे तर तुला मुळीच सांगणार नव्हते: कपडे दुपारी दोनलाच वाळतात. मी मुद्दाम संध्याकाळपर्यंत उतरवत नाही. चादरी उन्हाने विटल्या तरी चालेल.

बेचाळीस वर्षांच्या बाईने हे नवऱ्याला सांगायचं कसं? (लग्नाची बेचाळीस. वयाचं तुला माहीत आहे.)

ताई


१४ फेब्रुवारी

श्री. मेहुणेबुवांस स. न. वि. वि.

दुकानातून लिहीत आहे. उत्तर दुकानाच्याच पत्त्यावर पाठवावे, घरच्या पत्त्यावर कदापि नको. पाकिटावर 'सुटे भाग' असे लिहिल्यास उत्तम.

आमच्या गच्चीवर मोबाईल टॉवरचा प्रस्ताव आहे. तुमच्या ताईला तो नको आहे. का, ते ती सांगत नाही. माझा अंदाज असा की सेक्रेटरीने तिच्या कुंड्या जिन्यातून हलवल्या, त्याचा हा वचपा. आता सेक्रेटरीने सूर्य पूर्वेला उगवतो म्हटले तरी ती हरकत घेईल.

मला टॉवर हवा आहे. हरकतींसोबत पाठिंब्याचे अर्जही घेतात असे ऐकतो. मला असा एक अर्ज लिहून द्यावा. तिला कळता कामा नये. तिने माझ्याविरुद्ध कोणाकडून तरी अर्ज लिहून घ्यायचा चंग बांधला आहे असे दिसते. कोण लिहून देणार, देव जाणे. तिला इथे ओळखतो कोण त्या खात्यातले?

आपला,
भाऊजी


१९ फेब्रुवारी

ती. भाऊजींस सा. न.

इथे मी बरा आहे. पाकिटावर 'सुटे भाग' लिहिलं आहे. पोस्टातल्या बाईंनी हलवून बघितलं.

अर्ज लिहून देतो. ताईला कोण लिहून देत असेल याची मलाही कल्पना नाही. (हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, शेवटी ठेवलं.)

घरात, जिन्यात, दुकानात रेंज किती येते ते तीन दिवस वेळेसकट टिपून पाठवा. तुमच्यासारखा वेळ टिपणारा माणूस कंपनीलाही मिळायचा नाही. मात्र एक गोष्ट मोकळेपणी सांगा. तुम्ही फोनवर दोन वाक्यांवर तिसरं बोलत नाही. तुम्हाला घरात रेंज कशाला हवी? मसुद्यासाठी विचारतोय. मी कोणाला सांगणार नाही.

धाकटा


२४ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

रेंजची नोंद सोबत जोडली आहे. घरात शून्य, सर्व वेळी. जिन्यात शून्य. दुकानात दाराबाहेर एक पाऊल टाकल्यास एक कांडी, तीही वाऱ्यावर.

कारण सांगतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुमची ताई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. मी जेवायला घरी होतो. हाक मारली, उत्तर नाही. शेजारी कुलूप. डॉक्टरांना फोन करायला मी गच्चीवर पळालो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, गच्ची सेहेचाळीस पायऱ्या. पायात काही नव्हते. भर दुपारची फरशी. टाकीच्या कोपऱ्यात फोन दोनदा लागला, दोनदा तुटला, तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, येतो. खाली आलो तेव्हा तीन वाजून एकोणीस झाले होते. नऊ मिनिटे. मेहुणेबुवा, मी आयुष्यभर मिनिटे दुरुस्त केली, पण ती नऊ अजून नीट चालत नाहीत.

खाली येऊन पाहतो तर ही उठून बसलेली. म्हणाली, "मी इथे पडलेय आणि तुम्ही कुठे होता?" माझ्या तोंडून निघाले, "पोरीला फोन लावायला वर गेलो होतो." डॉक्टर आले तेव्हा त्यांना दारातच सांगितले की घड्याळ न्यायला आलो म्हणा. त्यांनी जाता जाता तपासल्यासारखे केले, गोळ्या दिल्या. वर्ष झाले, ती मला टोमणे मारते: बायको आडवी पडली तरी यांच्या गच्चीवर गप्पा. मारू दे.

पायांना फोड आले होते. तिला सांगितले, नवे बूट चावले. तिने ते बूट दुसऱ्याच दिवशी कोणाला तरी देऊन टाकले. चांगले बूट होते.

खरे सांगितले असते तर मी किती घाबरलो होतो ते तिला कळले असते. बेचाळीस वर्षे ते एवढे मी लपवले आहे.

भाऊजी


२ मार्च

ती. ताईस सा. न.

इथे मी बरा आहे. अर्ज टाइप करून सोबत पाठवला आहे. तीन प्रती. शेवटच्या पानावर फुली केली आहे तिथे सही कर, आणि शेवटच्या तारखेची वाट न बघता नेऊन दे. पोच घे. सुनावणीला वेळेवर जा आणि तिथे भांडू नकोस, अर्ज भांडेल.

धाकटा


२ मार्च

ती. भाऊजींस सा. न.

इथे मी बरा आहे. अर्ज टाइप करून सोबत पाठवला आहे. तीन प्रती. शेवटच्या पानावर फुली केली आहे तिथे सही करा, आणि शेवटच्या तारखेची वाट न बघता नेऊन द्या. पोच घ्या. सुनावणीला वेळेवर जाल याची शंका नाही. तिथे बोलायची वेळ आली तर बोला, नाहीतर अर्ज बोलेल.

धाकटा


२२ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद या पत्रात नाहीत. मिळतील तेव्हा मिळतील.

काल सुनावणी झाली. मला आधी हे सांग, तुझा अर्ज मी शेवटपर्यंत वाचला नाही ही माझी चूक की तुझी? 'उपरोक्त विषयास अनुसरून सदर अर्जदार' एवढ्यावर मला जांभई आली, सही ठोकली आणि नेऊन दिला. तुझ्यावर विश्वास टाकला! तुझ्या भाऊजींनीही तेच केलं. ते म्हणतात, अर्जाची पानं मोजली, ती बरोबर होती.

लांबलचक खोली, पंखा तीनवर, चाळीस खुर्च्या. आम्ही दोघं घरून वेगवेगळे निघालो. मी म्हटलं मैत्रिणीकडे जाते, ते म्हणाले दुकानात. आणि दारात समोरासमोर! त्यांच्या हातात पाकीट, माझ्या हातात पाकीट. सेक्रेटरी, कंपनीचा टायवाला, आमच्या इमारतीतली निम्मी माणसं, सगळी आलेली. अधिकारी बाई, चष्मा कपाळावर, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "आमच्याकडे प्रत्येक अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचतात. मग कोणी म्हणायचं नाही की वाचलाच नाही."

आधी माझा. जिना, तडे, टाकी सफाईची अडचण, वाहवा! टायवाला भराभर लिहून घेत होता. मी ताठ बसले होते. मग बाई थांबल्या, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, "कलम सात."

'सदर गच्चीवर अर्जदार व तिचे पती दररोज सायंकाळी सुमारे वीस मिनिटे एकत्र बसतात. दिवसाच्या अन्य वेळी ते एकत्र बसत नाहीत. अर्जदाराचे कपडे दुपारी दोन वाजताच वाळतात. तथापि सदर बैठकीस निमित्त असावे म्हणून अर्जदार ते सायंकाळपर्यंत हेतुपुरस्सर उतरवीत नाही. टॉवर झाल्यास सदर निमित्त संपुष्टात येईल व त्याची भरपाई कोणत्याही नियमात नाही.'

चाळीस माणसांसमोर, मेल्या! चादरींसकट! कोणाला सांगणार नाही म्हणालास, आणि छापून दिलंस! मी पदर तोंडाला लावला. सेक्रेटरीची बायको माझ्याकडे असं बघत होती की मला वाटलं आता ही उद्यापासून मी कपडे दोनला काढते की सहाला, हे मोजणार.

मी यांच्याकडे बघितलं नाही. बघायची छाती नव्हती. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता पाठिंब्याचा अर्ज," आणि यांचं नाव घेतलं. मला वाटलं, बरं झालं, आता रेंजचं पुराण. ते झालंच, तारीखवार. मग पुन्हा, "कलम सात."

'गतवर्षी अर्जदाराची पत्नी चक्कर येऊन पडली असता अर्जदार डॉक्टरांस फोन करण्यासाठी अनवाणी सेहेचाळीस पायऱ्या चढून तापलेल्या गच्चीवर गेला. फोन तिसऱ्या प्रयत्नात लागला. एकूण नऊ मिनिटे पत्नी एकटी होती. पायांस आलेल्या फोडांचा दोष अर्जदाराने नव्या बुटांवर ढकलला. सदर नऊ मिनिटे पुन्हा येऊ नयेत एवढीच अर्जदाराची विनंती आहे.'

धाकट्या, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

मी वर्षभर त्या माणसाला बोलून बोलून बेजार केलं. पोरीशी गप्पा मारत होता म्हणून. सगळ्या इमारतीला सांगितलं! आणि ते चांगले बूट मी माझ्या हाताने देऊन टाकले. मी यांच्याकडे बघितलं तर हे चष्मा पुसत होते. पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं.

मग बाईंनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी धरले आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, "प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात ही गोगलगाय आहे. हरकतीवरही आणि पाठिंब्यावरही. ही सही मी सतरा वर्षं बघितली आहे. या कुटुंबाचा वकील एकच दिसतो." सगळी खोली खो खो हसली. म्हणजे पानांवर आपल्या सवयीची लहान सही करून पाठवलीस तू! एकतीस वर्षं मसुदा तपासला की कोपऱ्यात वेटोळं काढायचं, ते निवृत्तीनंतरही हाताला आवरेना होय रे?

घरी येताना आम्ही एकत्र आलो. निम्मा रस्ता संपला. मग मी विचारलं, "फोड किती दिवस होते?" ते म्हणाले, "बारा." आणखी दहा पावलं चालून म्हणाले, "दोनलाच वाळतात?"

मी म्हटलं, "दीडलासुद्धा."

तुझ्यावरचा राग कायम आहे.

ताई


२२ मार्च

मेहुणेबुवा,

तुम्ही दोन्हीकडून खेळलात. हे योग्य नव्हे. पण तुमचा अर्ज चांगला होता. 'ढकलला' हा शब्द मला लागला, पण बरोबर आहे.

आज मी सव्वापाचलाच गच्चीवर गेलो. ती आधीच तिथे होती. कपडे मात्र अजून तारेवरच होते.

उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवले तरी चालेल.

भाऊजी


२९ मार्च

आदरणीय सर,

मी 'नवी' लिहितेय. खात्यात येऊन मला वीस वर्षं झाली, पण तुमच्या तोंडी मी 'नवी'च, म्हणून तशीच सही करते.

दोन्ही पक्षांचे मसुदे एकाच हाताने लिहिल्याबद्दल तुम्हाला मेमो द्यायला हवा होता. निवृत्त माणसाला मेमो देता येत नाही, म्हणून पत्र. अर्ज शेवटपर्यंत मोठ्याने वाचायची पद्धत तुम्हीच पाडलीत आणि माझ्याकडून घोटून घेतलीत. तुमच्या मसुद्यात सहा कलमं नियमांची आणि सातवं माणसाचं असतं, हेही मला ठाऊक. त्यामुळे ही नजरचूक होती असं तुम्ही म्हणालात तरी मी मानणार नाही. गोगलगाय मात्र नजरचूक असावी. ती काढताना तुमचं लक्ष कधीच नसायचं.

परवा जागेची पाहणी केली. जिना खरंच तीन फूट दोन इंच, कंपनीचं सामान वर जाणार नाही. टाकीचे तडे गंभीर आहेत, त्यावर वेगळी नोटीस काढली. म्हणून गच्चीची जागा नामंजूर. पण तुमच्या भाऊजींची रेंजची नोंद इतकी पक्की आहे की टॉवरची गरजही मान्य करावी लागली. कोपऱ्यावर कापडाचं गोदाम आहे, वर राहतं कोणी नाही. कंपनीने त्या छपरासाठी नवा अर्ज केला आहे. घरोघरी रेंज येईल, गच्ची गच्चीच राहील.

आदेशात कलम सातचा उल्लेख करता येत नाही. पण पाहणीला मी स्वतः गेले ती त्या कलमापायी. टाकीजवळ दोन खुर्च्या होत्या. एकीचा हात मोडलेला. मी दुसरीत बसून पंचनामा लिहिला.

तब्येत सांभाळा.

आपली,
नवी


६ एप्रिल

ती. ताई आणि ती. भाऊजी, दोघांनाही एकाच पत्रात सा. न.

इथे मी बरा आहे. तुम्ही दोघं मिळून मला जे बोलायचं ते बोला. मी वचन मोडलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. मी कोणालाही सांगितलं नाही, अर्जाने सांगितलं. पानं वाचून सही करायची असते, हे तुम्हा दोघांनाही आता कळलं असेल.

खरं कारण सांगतो. एका घरातली दोन पत्रं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडली होती, पाठीला पाठ लावून. तुम्हाला एकेकट्याला सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनीही हसून उडवून लावलं असतं. सरकारी भाषेत ऐकलं की माणसाला ते खरं वाटतं.

गोगलगायीबद्दल कानाला खडा लावतो. टाइपरायटर फडक्याखाली ठेवला आहे. आता काही काम नाही.

धाकटा


९ जून

प्रति,
मा. धाकटे, निवृत्त मुख्य मसुदाकार

विषय: आपण आमच्याकडे मुक्कामास येणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आम्ही दोघे अर्जदार (मी सांगतेय, हे लिहितायत, म्हणून इतकं सुवाच्य) खालीलप्रमाणे विनंती करतो:

१. गोदामावरचा टॉवर गेल्या सोमवारी सुरू झाला. घरात रेंज चार कांड्या, स्वयंपाकघरातही चार. ओट्याशेजारी फोन टांगायला अर्जदार क्र. २ यांनी खिळा ठोकला असून डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिला आहे. (माझ्या ओट्यावर! विचारलंसुद्धा नाही.)

२. तथापि संध्याकाळी पाच ते साडेसहा अर्जदार गच्चीवर असतात व फोन खिळ्यालाच असतो. त्यामुळे पोरगी चिडली आहे. तिचे म्हणणे, रेंज नव्हती तेव्हा तुम्ही सापडायचात. आता पोरीने सातला फोन करावा असे ठरले आहे.

३. कपडे दुपारी दोनला उतरवले जातात. (तरी वर जातो. निमित्त लागत नाही.)

४. अर्जदार क्र. २ यांस नवे बूट घेतले. चावत नाहीत.

५. गच्चीवर आता तिसरी खुर्ची आहे. ती रिकामी असते आणि वाऱ्याने पडते, त्याचा आवाज होतो, सेक्रेटरी तक्रार करतो.

६. टाकीच्या नोटिशीला सेक्रेटरीला उत्तर द्यायचे आहे. त्याला लिहिता येत नाही. आपला टाइपरायटर सोबत आणावा.

७. (हे मीच लिहिते, अक्षर बदललेलं दिसेल.) धाकट्या, तू प्रत्येक पत्रात 'मी बरा आहे' लिहितोस. पण माझी भावजय गेल्यापासून तू एकटा आहेस, आणि भांडणातल्या दोन्ही बाजूंचे अर्ज दोन आठवड्यांत तीन तीन प्रतींत टाइप करून पाठवणारा माणूस बरा नसतो, तो बोलायला कोणी नसलेला असतो. आता फोन लागतो, हे खरं. पण फोनवरही तू 'बरा आहे' म्हणून ठेवून देशील. आमची दोघांची खरी कारणं तू काढून घेतलीस. तुझं तू कोणालाच सांगितलं नाहीस, म्हणून ते आम्ही लिहितो. ये.

वरील अर्ज आम्ही दोघांनी शेवटपर्यंत वाचून सही केली आहे.

अर्जदार क्र. १, ताई
अर्जदार क्र. २, भाऊजी


त्याच अर्जाच्या मागल्या बाजूला, टाइप केलेलं, १४ जून:

अर्ज वाचला. मोठ्याने वाचला, ऐकायला कोणी नव्हतं तरी. कलम १ ते ६ मधील माहिती अपुरी, प्रत्यक्ष पाहणी आवश्यक. कलम ७ बाबत हरकत घ्यायला बसलो होतो. दोन दिवस बसलो. एकही मुद्दा सापडला नाही.

हरकत नाही. रविवारी येतो.

डाव्या कोपऱ्यात, पेनाने, एक गोगलगाय.